उठवणी

चैत्र लागला की मला एका जागी बसवत नाही. हे काही आजचं नाही आणि म्हातारपणाचंही नाही. पण घरातली माणसं सगळं वयावर ढकलून मोकळी होतात. सून म्हणते, "बाबा, गुडघे दुखतात म्हणता आणि सकाळपासून गॅलरीत येरझाऱ्या घालताय." खरं आहे तिचं. पण खाली रस्त्यापलीकडे मंडपाचे बांबू उतरवताहेत, बांबूवर बांबू आपटल्याचा तो पोकळ आवाज येतो आहे, कोणीतरी माईकमध्ये फुंकर मारून 'हॅलो, हॅलो' करतो आहे आणि कडुलिंबाच्या फुलोऱ्याचा कडवट गोड वास मागच्या वर्कशॉपातल्या तेलाच्या वासात मिसळून वर येतो आहे. भैरोबाची जत्रा तोंडावर आली. अशा वेळी माणसाने खुर्चीत बसून पेपर वाचावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

मी कॉलेजात होतो त्या दिवसांत आमची रहाटणी म्हणजे मूठभर घरं, पुढे शेतं आणि त्यापलीकडे उन्हाने आटलेली पवना. नदीच्या वाळूत कलिंगडाच्या वेली असायच्या. पिंपरीकडे बघितलं की धुळीचा एक लोट कायम उभा दिसे. तिकडे औषधांचा मोठा कारखाना उठत होता. गावातल्या पोरांना 'शिफ्ट' हा शब्द नवा होता आणि ती तो उगाचच वाक्यावाक्यात घालत. मी पुण्याला बी.ए. करत होतो. पहाटे चिंचवड स्टेशनपर्यंत पायी, मग आगगाडी, मग कॉलेज. परीक्षा आणि जत्रा नेमक्या एकाच महिन्यात यायच्या. एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात नाटकाची नक्कल, आणि डोक्यात दोन्हींचा काला.

आम्हाला शोकांतिका शिकवणारे सर उंच होते, जरा वाकलेले. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ते तासभर हलायचे नाहीत. आवाज इतका हळू, की मागच्या बाकांवरची मुलं दंगा करायचं विसरून कान द्यायची. त्यांचं शोकांतिकेवरचं एक पातळसं पुस्तक नुकतंच आलं होतं, आणि पुण्यातल्या नाटकवाल्यांत त्याने चांगलीच खळबळ उडवली होती. त्याआधी आमची समजूत सोपी होती: शेवटी कोणी मेलं की शोकांतिका. आणि मेलं का, तर नायकात काहीतरी खोट होती. कोणी रागीट, कोणी संशयी, कोणी गर्विष्ठ. परीक्षेत खोट ओळखा आणि मार्क घ्या.

सरांनी हे सगळं मोडीत काढलं. ते म्हणायचे, खोट शोधणं ही आपली पळवाट आहे. खोट सापडली की आपण सुटलो. आपल्यात ती नाही, तेव्हा आपलं असं होणार नाही. खरी शोकांतिका तिथे असते जिथे दोघेही बरोबर असतात आणि दोघांनाही मागे सरता येत नाही. आणि तिचा शेवट गोड करू नका. मेलेल्याला मेलेला राहू द्या. प्रेक्षकाच्या गळ्याशी आलेलं ते तसंच त्याला घरी नेऊ द्या.

आम्हाला ते इतकं चढलं, की विचारू नका. खानावळीतली आमटी पातळ झाली की आम्ही म्हणायचो, वाढपीही बरोबर आणि आम्हीही बरोबर, म्हणजे ही शोकांतिका. गाडी चुकली तर तीही शोकांतिका. पण थट्टेखाली काहीतरी खरंच हललं होतं. पेपरातले नाट्यपरीक्षक सरांचे शब्द वापरू लागले. शेवटच्या अंकात ओढूनताणून लग्न लावणाऱ्या मंडळ्यांनी ती लग्नं गाळली. एका माणसाने वर्गात उभं राहून हळू आवाजात बोलावं आणि गावोगावच्या नाटकांचे शेवट बदलावेत, याचं मला तेव्हा अप्रूप वाटायचं. आता त्यात थोडी धास्तीही मिसळली आहे.

आमच्या गावात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी नाटक असायचं, तेही दुपार कलल्यावर, उजेडात. रात्र पालखीची आणि तमाशाची. नाटकाच्या वाट्याला ऊन. बैलगाड्या शेजारी शेजारी लावून वर फळ्या टाकल्या की स्टेज झालं. पडदा सांभाळायचे महंमदभाई. त्यांचं सायकलचं दुकान होतं. जुन्या सायकलचं चाक आणि साखळी लावून त्यांनी पडद्याचा असा काही थाट केला होता, की एका हाताने ओढला तरी तो सर्रकन खाली यायचा.

आणि आमच्या नाटकाची एक रीत होती, उठवणी. नाटकात जो कोणी मरेल, त्याला पडदा पडायच्या आत त्याच्या घरच्या माणसाने प्रेक्षकांतून हाक मारायची. पात्राच्या नावाने नाही, घरातल्या नावाने. "सोपाना, ऊठ रं!" की सोपाना उठायचा, तसाच रंगलेल्या तोंडाने देवळात जायचा, कपाळाला गुलाल लावून घ्यायचा. लोक हसायचे, शिट्ट्या मारायचे. लढाईच्या नाटकात तर एकाच वेळी दहा घरांतून हाका यायच्या आणि सगळं रणांगण अंग झटकत उभं राहायचं. भैरोबाच्या दारात जो पडला त्याला तिथेच उठवून न्यायचा, एवढीच त्यामागची समजूत. मी कॉलेजात जायला लागल्यापासून मला या रितीची भारी लाज वाटू लागली होती.

त्या वर्षी नाटक मी लिहिलं. नदीकाठचं घर सोडायला तयार नसलेली एक आई आणि कारखान्यात जाण्यासाठी घर सोडू बघणारा तिचा मुलगा. आईही बरोबर, मुलगाही बरोबर. सरांचा शब्द न् शब्द मी पाळला होता. शेवटी पूर येतो, आईला काढायला गेलेला मुलगा बुडतो आणि आई वाचते. आईचं काम माझ्याकडे होतं. मिशी नुकती कुठे धरू लागली होती, ती काढावी लागली याचं दुःख मला नाटकातल्या पुरापेक्षा मोठं वाटलं होतं.

मुलगा झाला होता धोंडू. नवीन कारखान्यात बाटल्या धुण्याच्या खात्यात नुकता लागलेला, माझ्याच वयाचा, माझा जिवाचा दोस्त. त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून याचं नाव दगडाधोंड्यावरून ठेवलेलं, मृत्यूची नजर पडू नये म्हणून. बाप लवकर गेला. आई गिरजाकाकू आणि हा, एवढंच घर. पण स्टेजवर उभा राहिला की त्याच्याकडे बघतच राहावं. आवाज चढवायचा नाही, हात उडवायचा नाही, नुसता बघायचा आणि समोरचा माणूस गप्प व्हायचा. मी सरांना जत्रेचं आमंत्रण दिलं ते खरं त्याच्यासाठी. पुण्यातल्या एका चांगल्या मंडळीत सरांचा शब्द चालायचा. सरांनी धोंडूला नीट मेलेला बघितलं असतं तर त्याच्या आयुष्याची दिशा बदलली असती. पण मेलेला राहिला असता तरच.

म्हणून आम्ही दोघं गिरजाकाकूंकडे गेलो. अंगणात चुलीवर कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजत होता आणि त्या लाकडी पळीने तो घोटत होत्या. घामाने कपाळावरचं गोंदण चमकत होतं.

"आई, औंदा उठवणी नगं," धोंडू म्हणाला.

"का रं?"

"ह्ये सोंग न्हाई, नाटक हाय. पुन्याचं सर येनार हायती."

"मरतूस का न्हाई त्यात?"

"मरतो."

"मंग?" गिरजाकाकूंनी पळी न थांबवता विचारलं.

मी मध्ये पडलो. शोकांतिका म्हणजे काय ते मी त्यांना समजावून सांगू लागलो. चुलीचा धूर डोळ्यांत जात होता आणि मी बोलत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचं सर शिकल्यालं हायती, खोटं कशाला सांगत्याल? पन बाबा, मानूस पडला की त्येला घरच्यांनी हाक मारायची. त्यात शिकायचं काय हाय?"

धोंडू त्यांच्यापुढे उकिडवा बसला. "आई, तू हाक मारलीस तर समदी हसत्याल. सर बी हसत्याल. मंग मी जलमभर बाटल्याच धुवंन."

त्यांनी पळी दोन्ही हातांनी धरून फिरवली. चीक घट्ट झाला होता, पळी जड चालली होती. "बरं," त्या म्हणाल्या. "न्हाई मारत. तुज्या मनासारखं हू दे."

आम्ही उड्या मारत बाहेर पडलो.

हे लिहिता लिहिता मधेच उठून पाणी पिऊन आलो. सुनेने पुन्हा बघितलं. मी पुढे आयुष्यभर हेच शिकवलं, सरांचंच पुस्तक, सरांचेच शब्द. मुलं उत्तरपत्रिकेत 'दोन्ही बाजू बरोबर असतात' असं लिहून खाली दोन रेघा ओढायची आणि मी मार्क द्यायचो. बरोबरच होतं ते उत्तर. पण तपासताना मला दर वेळी उठून खोलीत एक फेरी मारावी लागे. त्या रेघांखाली काय आहे हे यांना ठाऊक नाही, आणि सांगायचं तर कसं, असं होऊन जायचं.

नाटकाच्या दिवशी ऊन असं होतं, की चेहऱ्यावरचा रंग गळ्यात उतरत होता. माझ्या चोळीतल्या चिंध्या घामाने ओल्या झाल्या होत्या. सर पहिल्या रांगेत लाकडी खुर्चीवर, छत्री दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरून. बायकांच्या बाजूला, नायकाची आई म्हणून, अगदी पुढे गिरजाकाकू, इरकली लुगड्यात. नाटक चढत गेलं. एरवी मध्येच उठून भेळ आणायला जाणारी माणसं जागची हलली नाहीत. कारखान्याचं नाव निघालं की मंडपात एक सुस्कारा फिरायचा. कितीतरी घरांत हेच भांडण रोज चाललेलं होतं.

शेवटी धोंडूला आणून स्टेजवर ठेवला. मी, म्हणजे त्याची नाटकातली आई, त्याच्यावर पांढरी चादर ओढली आणि शेवटचं बोलणं बोललो. मग माझं काम एकच होतं, त्याच्या पायाशी डोकं टेकून पडदा पडायची वाट बघणं.

पडदा पडेना.

मी मान किंचित वर केली. महंमदभाई साखळीला हात लावून उभे होते आणि बघत होते गिरजाकाकूंकडे. त्यांना आम्ही बजावून सांगितलं होतं. पण इतक्या वर्षांची सवय, हाक आल्याशिवाय हात हलेना. मग मला दिसलं, की सगळा मंडपच तिकडे बघतो आहे. पुरुषांच्या बाजूच्या माना वळल्या होत्या, झाडावर बसलेली पोरं वाकून बघत होती. गिरजाकाकूंनी पदराचा बोळा तोंडाशी घट्ट धरला होता. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. कोणीतरी म्हातारी मागून म्हणाली, "गिरजे, मार की हाक." त्यांनी मान हलवली. नाही.

माझ्या हाताखाली धोंडूचा घोटा होता. तो चांगला गरम होता, नाडी उडत होती, आणि तरीही एका क्षणी मला वाटलं, कोणीतरी हाक मारा रे याला. मलाच ओरडावंसं वाटलं. पण मी तर त्याची आईच होतो तिथे, आणि नाटकातल्या आईच्या हाकेने कोणी उठत नाही.

महंमदभाईंनी चाक सोडलं. पडदा सर्रकन खाली आला. टाळी नाही, शिट्टी नाही. मग बायकांच्या बाजूने एक हुंदका आला आणि त्याच्यामागून अनेक. सर कनातीच्या आत आले. धोंडूचा हात हातात घेऊन म्हणाले, "कॉलेजच्या परीक्षा झाल्या की पुण्याला या. मी बोलून ठेवतो." तेवढंच. जाताना मंडपाच्या तोंडाशी थांबले आणि वळून रिकाम्या होत चाललेल्या त्या जागेकडे बघत राहिले. त्यांना एवढं भारावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि माझी छाती अभिमानाने फुगली होती, हेही लिहायला हवं.

धोंडू पुण्याला गेला. कारखान्यातल्या बाटल्या सुटल्या. आधी छोटी कामं, मग मोठी. पुढे त्याला बघायला बेळगावपासून लोक येत. त्याला काही झालं नाही. ना अपघात, ना दुखणं. भैरोबा कोपला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण ऐकणारे सगळे तिथेच कान टवकारतात. मेला का तो मग? नाही मेला. भरपूर जगला, सुखात जगला.

जे झालं ते इतकं लहान होतं, की आम्हाला कळायलाच दिवस गेले. जत्रा नुकती झाली होती, धोंडू अजून गावातच होता आणि माझी परीक्षा चालू होती. धोंडू स्टेशनवर मला गाठून म्हणाला, "आई मला नावानं हाक मारीत न्हाई."

"रुसली असंल."

"रुसली कुठं? जेवाय वाढती, डोक्याला तेल लावती. पुन्याला न्यायाला लाडू बी केल्यात. निस्तं आरं म्हनती. न्हाईतर ऐक म्हनती. शेजारनीला म्हनती आमचा आला का. धोंडू म्हनत न्हाई."

मी हसण्यावारी नेलं. मग त्याच्याकडे जेवायला गेलो आणि कान देऊन ऐकलं. खरंच होतं. तो मुद्दाम मागच्या अंगणात जाऊन बसला, 'आरं'ला ओ देईना. तेव्हा गिरजाकाकू हातातलं काम टाकून उठल्या, अंगण ओलांडून गेल्या आणि त्याच्या खांद्याला हात लावला. एवढंसं अंतर, एका हाकेत काम झालं असतं.

शेवटचा पेपर झाल्यावर मी सरांना कॉलेजच्या व्हरांड्यात हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "आणि तो काय करतो?" त्यांनी विचारलं. म्हटलं, वाट बघतो. सर म्हणाले, "पुस्तकात मी लिहिलंय, की पडद्यानंतरचं प्रेक्षकाने घरी न्यावं. प्रेक्षकात कोण कोण बसलेलं असतं, याचा विचार मी केला नव्हता." मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तरीही शेवट तोच बरोबर होता, बरं का." आणि मला ते पटलं. आजही पटतं. सर बरोबर होते, धोंडू बरोबर होता, गिरजाकाकू तर होत्याच. कोणाची खोट काढून मला मोकळं होता आलं असतं तर चैत्रात मी दुपारचा झोपलो तरी असतो.

पुढच्या वर्षापासून गावातली पोरं आपणहून म्हणू लागली, उठवणी नको, नाटकाचा रस जातो. वर्षा-दोन वर्षांत रीत मोडली. कोणी बंद केली नाही. नुसत्या हाका यायच्या थांबल्या.

एका चैत्रात, धोंडूचं नाव चांगलं गाजू लागल्यावर, तो माझ्याकडे आला. जाहिरातींवर तेव्हा तो धोंडोपंत झाला होता. म्हणाला, "समदं पुनं मला नावानं वळखतं. तू आईला म्हन की, येक डाव हाक मार. तुजं ऐकंल ती. म्या समूर बसतो, ती दारातनं मारू दे. येकच डाव."

मी एकटाच गेलो. गिरजाकाकू ओट्यावर चिंचा फोडत बसल्या होत्या. टरफलांचा ढीग एका बाजूला, चिंचोके दुसऱ्या. मी शेजारी बसलो, दोन चिंचा सोलल्या आणि सरळ विचारलं, "काकू, अजून राग हाय का त्या दिसाचा?"

"राग कशाचा? सोन्यासारकं झालं की त्याचं. तुमी पोरांनी बरंच क्येलं."

"मंग त्याला नावानं हाक का मारत न्हाई? तो झुरतुया त्यापायी."

त्यांनी हातातली चिंच खाली ठेवली. बोटं चिकट झाली होती, ती लुगड्याला पुसली. रस्त्यावर कोणी नाही असं बघून घेतलं.

"त्या दिसाची हाक माज्यापाशीच ऱ्हायलीया," त्या म्हणाल्या. "तोंडात आल्याली गिळली म्या. आता त्येचं नाव घ्यायला ग्येलं की पयली तीच येती वर. ती मारल्याबिगर दुसरी कशी मारू?"

"मंग तीच मारा की. तो वाटच बघतुया."

गिरजाकाकूंनी माझ्याकडे बघितलं.

"आन् मारली, आन् न्हाई उठला तर?"